आत्यासकट पळून

पळून जाऊन लग्न करायचं तर आपल्याकडे आळंदी आहे. पहाटेची एसटी धरावी, मित्राने आधीच ठरवलेल्या कार्यालयात शिरावं, तिथल्याच गुरुजींकडून ‘सावधान’ म्हणवून घ्यावं आणि संध्याकाळी घरी फोन करून “बसला आहात ना?” असं विचारावं. आमच्या बँकेतल्या तिघांची लग्नं अशीच झाली आणि तिघांचेही संसार शाखेच्या जनरेटरपेक्षा टिकाऊ निघाले. त्यामुळे पिंट्याने स्टुटगार्टहून फोन करून “आत्या, आम्ही पळून जाऊन लग्न करतोय, कोपनहेगनला” असं सांगितलं, तेव्हा मला धक्का बसला तो लग्नाचा नव्हे, भाड्याचा.

“आणि तू पण चल,” तो म्हणाला. “साक्षीदार लागतात.”

पळून जाणाऱ्याने आत्याला बरोबर घेतल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. अर्जुनाने सुभद्रेला पळवलं, त्यावर अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली अख्खं संगीत नाटक उभं केलं. त्या सुभद्रेची आत्या म्हणजे अर्जुनाची आईच, इतकी घरातली बाई; तरी तिला कोणी रथात घेतलं नाही. आणि महाराष्ट्रातला सगळ्यात नामांकित पळालेला नवरदेव म्हणजे समर्थ रामदास. ते तर ‘सावधान’ ऐकून उलट्या दिशेला पळाले.

“दादाला माहीत आहे का?” मी दबक्या आवाजात विचारलं.

“म्हणजे काय! कागद त्यांनीच कुरिअर केलेत.”

मग हे पळणार तरी कोणापासून, असं मी विचारणार होते. पण दादाने मिरजेत कार्यालयं बघायला सुरुवात केली होती आणि पाहुण्यांच्या यादीने आठशेचा आकडा ओलांडला होता, हे मला ठाऊक होतं. त्या यादीतली चाळीस नावं माझीच होती. मी गप्प बसले.

खरं कारण वेगळंच होतं. सूनबाई जर्मन, आमचा मुलगा भारतीय. जर्मनीत लग्न लावायचं तर जन्मदाखला, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि या सगळ्याची जर्मन भाषांतरं लागतात. एवढ्यावर भागत नाही. आपल्या कागदांवरचा अपोस्टिलचा शिक्का जर्मनी मानत नाही. म्हणून त्यांच्या वकिलातीने नेमलेला वकील मूळ गावी कागदांची शहानिशा करतो, गरज पडली तर शेजारीपाजारी विचारतो आणि यात महिनेच्या महिने जातात. इथे पिंट्या घाबरला. आमच्या समोरच्या काकूंना कोणी विचारलं की हा मुलगा अविवाहित आहे का, तर त्या “तसं म्हणायला हरकत नाही” असं उत्तर देतील. पुढचा सगळा तपास त्या एका वाक्यावर चालेल.

म्हणून जर्मनीतली अडलेली जोडपी शेजारी डेन्मार्कला जातात. तिथे रहिवासाची अट नाही. ओडेन्स शहरात एक सरकारी कार्यालय आहे. २०१९ पासून परदेशी जोडप्यांचे अर्ज तेच तपासतं. अर्ज ऑनलाइन करायचा, त्यांनी दिलेलं प्रमाणपत्र चार महिने चालतं, तेवढ्यात कुठल्याही नगरभवनात लग्न उरकायचं. आपल्याकडे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवस नोटीस लागते. ती कचेरीतल्या फळ्यावर लावतात, म्हणजे पळून जाणाऱ्यांचा पत्ता पाठलाग करणाऱ्यांना सहज मिळावा.

डेन्मार्कवाल्यांना मात्र एक वेगळाच पुरावा लागतो. लग्न खोटं नाही ना, हे पाहायला ते नात्याचा दाखला मागतात. एकत्र फोटो, प्रवासाची तिकिटं, एकमेकांना धाडलेले निरोप. पिंट्याने सतरा पानांची फाइल जोडली होती. ती मी चाळली (चौतीस वर्षं बँकेत लोकांचे कागद तपासले आहेत, हात शिवशिवतोच) आणि माझ्या लग्नाचा विचार केला. आमच्या नात्याचा लग्नाआधीचा एकूण पुरावा म्हणजे एक बशी कांदेपोहे आणि वीस मिनिटं. त्यातलीही बारा मिनिटं आमचे हे माझ्या वडिलांशी उसाच्या दराबद्दल बोलत होते. आमचा अर्ज ओडेन्सला पहिल्याच टेबलावर नामंजूर झाला असता.

मी व्हिसाच्या अर्जात प्रवासाचं कारण ‘पर्यटन’ लिहिलं. सोबत पेन्शनचे कागद, बँकेचं स्टेटमेंट, विमा आणि जायची-यायची तिकिटं. पळून जायला इतके कागद लागत असतील तर माणसं घरी राहून आई-बापांना पटवत का नाहीत, हा प्रश्न मला त्या रांगेत प्रथम पडला.

स्टुटगार्टहून हॅम्बुर्ग आणि तिथून कोपनहेगन, असा दिवसभराचा रेल्वेप्रवास. रुखवत म्हणून मी पिंट्याच्या स्वयंपाकघरात पाच बेसनलाडू वळले होते. त्यातले दोन त्यानेच हॅम्बुर्गच्या आत संपवले. पूर्वी हॅम्बुर्गची गाडी बोटीत चढून समुद्र ओलांडायची, असं मी वाचलं होतं आणि त्यासाठी खिडकीची जागा मागून घेतली होती. ते २०१९ सालीच बंद झालं. आता गाडी लांबून वळसा घालते आणि समुद्र लागला की आधी पुलावरून, मग बोगद्यातून जाते. म्हणजे समुद्र बघण्याचा अर्धा वेळ काळोखात.

सरहद्दीवर पोलीस डब्यात चढले. पळून जाणाऱ्यांच्या प्रवासात हा प्रसंग यायलाच हवा, म्हणून मी पदर सावरून बसले. त्यांनी तिघांचे पासपोर्ट पाहिले आणि कुठे निघालात म्हणून विचारलं. सूनबाईने लग्नाला म्हणून सांगितलं. पोलीस हसला, अभिनंदन म्हणाला आणि पुढच्या डब्यात गेला. पिंट्याच्या जन्मापासून आमच्या घरात इतकं सुरळीत काही झालं नव्हतं.

डिसेंबरातलं कोपनहेगन म्हणजे बर्फ, असं मी मैत्रिणींना सांगून निघाले होते. बर्फ नव्हता. होता तो वारा. समुद्रावरून येतो, थेट कानात शिरतो आणि आत बिऱ्हाड करतो. सकाळी साडेआठला कुठे उजाडतं आणि पावणेचारच्या आत दिवस मावळतो. त्या वाऱ्यात तिथली माणसं सायकलवरून ऑफिसला जातात, पुढे पेटीत दोन पोरं बसवून. मी इरकलीच्या आत लोकरीचे दोन थर, वर जावेचा कोट आणि पायात पिंट्याचे जुने बूट घातले होते. आरशात बघितलं तर लग्नाला आलेली वरमाय कमी आणि थंडीने गारठलेली एलआयसी एजंट जास्त वाटत होते.

आदल्या दिवशी नगरभवनात मूळ पासपोर्ट दाखवावे लागतात. काउंटरवरच्या बाईने फोटो पाहिला, मग माणूस पाहिला, मग पुन्हा फोटो पाहिला. मला भरून आलं. इतक्या मनापासून पडताळणी करणारं माणूस मी निवृत्तीनंतर प्रथमच बघत होते.

त्या रात्री हॉटेलात अक्षता करायला घेतल्या. स्टुटगार्टच्या दुकानातला बासमती, डबीतलं कुंकू, पाण्याचे चार थेंब. चार थेंबांऐवजी नळाने धार सोडली आणि तांदळाचा लाल चिखल झाला. मग हॉटेलचा पांढराशुभ्र टॉवेल खोलीतल्या हीटरवर पसरला, त्यावर तांदूळ पातळ पसरले आणि दर पंधरा मिनिटांनी बोटांनी हलवत बसले. मध्यरात्रीपर्यंत दाणे सुटे झाले. टॉवेलचं जे झालं त्याबद्दल मी तिथे चिठ्ठी लिहून ठेवली, नाहीतर सफाईवालीने पोलिसांना बोलावलं असतं. मग सूनबाईला हिरव्या बांगड्या भरल्या. मिरजेच्या लक्ष्मी मार्केटमधून मी अंदाजाने आणल्या होत्या आणि अंदाज चुकला होता. साबण लावून, अंगठा आत दुमडून, एकेक करत सहा चढल्या. दोन फुटल्या. “फुटल्या” म्हणायचं नसतं, “वाढवल्या” म्हणायचं, हे मी तिला इंग्रजीतून समजवायला गेले आणि दोन वाढवल्या म्हणजे आठ झाल्या असा तिचा समज झाला.

लग्नाचा दिवस गुरुवार. मार्गशीर्षातला. मला उपास. ही गोष्ट तारीख घेताना पिंट्याला सुचली नव्हती आणि ऐकल्यावरही त्याने फक्त “अरे वा, शुभ आहे” म्हटलं. केळं खाऊन निघालो.

कोपनहेगनचं नगरभवन १९०५ साली उघडलं. मार्टिन नीरोप नावाच्या वास्तुकाराने लाल विटांचं बांधलेलं आहे, मनोरा शंभर मीटरहून उंच, आणि दारावर शहराचा संस्थापक मानलेला बिशप आब्सालोन सोन्याचा मुलामा चढवून उभा. याच इमारतीत १ ऑक्टोबर १९८९ ला समलिंगी जोडप्यांच्या नात्याची जगातली पहिली कायदेशीर नोंद झाली, अकरा जोडप्यांची. म्हणजे इथल्या भिंतींनी आमच्यापेक्षा धीट माणसं बघितली आहेत. बाहेर बाकांवर लग्नाची जोडपी नंबर लागायची वाट बघत बसली होती आणि त्यातली निम्मी आपापसांत जर्मन बोलत होती. पांढरा झगा, वर फुगीर जाकीट, हातात फुलं आणि फाइल. फाइल सगळ्यांकडे होती.

साक्षीदार दोन लागतात. नसतील तर नगरभवन पुरवतं. आमच्याकडे एकटी मी. दुसरा म्हणून त्यांचा एक तरुण कर्मचारी उभा राहिला. आमच्या पुढच्या जोडप्यातल्या मुलीने माझ्या साडीकडे बघून काहीतरी विचारलं. मला वाटलं, कापड विचारते. “इरकल,” मी म्हटलं. ती मला त्यांची साक्षीदार हो म्हणत होती. मला त्यांची नावंसुद्धा नीट कळली नाहीत, पण तिच्या हातातली फुलं थरथरत होती. मी गेले. मिरजेच्या बाईने अशा रीतीने कोपनहेगनात एका मुहूर्तावर दोन लग्नं लावली.

पिंट्याचं लग्न चार मिनिटांत झालं. भिंतींवर जुनी चित्रं, मधे टेबल, त्यामागे प्रसन्न चेहऱ्याची बाई. तिने इंग्रजीतून विचारलं, याला नवरा म्हणून स्वीकारतेस का, हिला बायको म्हणून स्वीकारतोस का. दोघं हो म्हणाली. फक्त पिंट्याचं पासपोर्टावरचं पूर्ण नाव वाचताना बापाच्या नावाशी ती अडखळली, थांबली, मागे गेली, पुन्हा प्रयत्न केला. दादाची उपस्थिती तेवढीच. मी डोळे पुसले. कर्मचाऱ्यानेही पुसले, त्याला सर्दी होती. प्रमाणपत्र पाच भाषांत मिळालं. मराठी नाही, पण स्पॅनिश आहे.

बाहेर पायऱ्यांवर आले आणि अक्षतांची पुडी सोडली. म्हटलं, आता सगळे वळून बघणार. तर पलीकडे आणखी एका जोडप्यावर त्यांचे मित्र मुठी भरभरून तांदूळ उधळत होते. तिथली रीतच आहे ती. फक्त त्यांचे पांढरे. माझ्या दुसऱ्या लग्नाच्या जोडप्याकडे कोणीच नव्हतं, म्हणून उरलेल्या लाल अक्षता त्यांच्यावर टाकल्या. चौकातली कबुतरं एव्हाना तरबेज झाली आहेत. ती वधूकडे बघत नाहीत, मुठीकडे बघतात.

पिंट्याला फोटो काढायचे होते. मी थंडीला कंटाळून परत आत गेले आणि तिथे ते घड्याळ सापडलं. येन्स ओल्सन नावाचा माणूस, मुळात कुलपं करणारा, पुढे घड्याळजी झाला आणि आयुष्यभर त्याने या एका घड्याळाचा हिशेब मांडला. ते सुरू झालेलं बघायला तो राहिला नाही. तो १९४५ ला गेला आणि घड्याळ चालू झालं १५ डिसेंबर १९५५ ला. पंधरा हजारांवर सुटे भाग. ग्रहणं, ग्रहांच्या कक्षा, सगळं दाखवतं, आणि आठवड्यातून एकदा चावी द्यावी लागते. त्यातलं सगळ्यात सावकाश चाक एक फेरी पुरी करायला २५,७५३ वर्षं घेतं.

आता साता जन्मांची गाठ म्हटल्यावर बँकेतल्या बाईने काय करावं? कोटाच्या खिशातून मेट्रोचं तिकीट काढलं आणि मागे भागाकार मांडला. २५,७५३ भागिले सात. जन्माला ३,६७९ वर्षं. बाकी शून्य. मी पुन्हा केला. पुन्हा शून्य. पिंट्या शोधत आला तेव्हा मी काचेसमोर एकटीच हसत होते.

“आत्या, भूक लागली ना?”

“उपास आहे.”

“सूर्य मावळला.”

बाहेर पाहिलं. खरंच. पावणेचार वाजले नव्हते आणि दिवे लागले होते. चाळीस वर्षांत माझा मार्गशीर्षातला गुरुवार इतक्या लवकर कधी सुटला नव्हता. नगरभवनाच्या शेजारीच टिवोली बाग आहे, नाताळासाठी सजलेली. तिथे एका टपरीवर बिडाचं पात्र चुलीवर होतं, त्याला गोल खळगे, आणि बाई सुईने एकेक गोळा उलटत होती. मी थांबलेच. आप्पेपात्र! त्या पदार्थाला म्हणतात एबलस्किव्हर. नावाचा अर्थ सफरचंदाच्या फोडी, आणि आत सफरचंद बहुधा नसतंच. वर पिठीसाखर, बाजूला जॅम. पिंट्याने कागदी बशी पुढे केली. उरलेले तीन लाडू मी काढले, नैवेद्य म्हणून मनातल्या मनात दाखवले आणि मग आम्ही तिघांनी उभ्याउभ्याच लग्नाचं जेवण केलं. मी चार आप्पे खाल्ले. मी अंडं खात नाही, हे मिरजेत सगळ्यांना माहीत आहे. कोपनहेगनात कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

तेवढ्यात दादाचा फोन. तिकडे रात्रीचे साडेआठ, म्हणजे जेवण उरकून तो पानाचा डबा घेऊन बसलेला.

“झालं का गं?”

“झालं. छान झालं. तुझं नाव घेतलं त्यांनी.”

“हं.” बराच वेळ तो काही बोलला नाही. सुपारी कातरल्याचा आवाज आला. “फेब्रुवारीचं कार्यालय मी सोडलेलं नाही, सांगून ठेव त्याला. जेवायला काय होतं?”

“आप्पे.”

“तिकडे? कसले?”

“गोड.”

“अगं, पण तिकडे पिठात अंडं घालतात ना? आज तुझा गुरुवार—”

“हॅलो? हॅलो? दादा, आवाज येत नाहीये,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. डेन्मार्कात नेटवर्क किती चांगलं असतं, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.