बाजूले व्हा, भाऊ

पुलगावच्या स्टेशन रोडवर कुणी जड मोटरसायकल मेन स्टँडवर चढवायला लागला, की पहिल्या खेपेला कुणी काही बोलत नाही. दुसऱ्या खेपेला चहावाला किटली खाली ठेवतो. तिसऱ्या खेपेला गाडी अर्धी चढून धप्पकन परत खाली आली, की मागून आवाज येतो, "बाजूले व्हा, भाऊ."

हे काकाजी. त्यांना नाव असेलच, पण ते कुणी विचारत नाही. शिवाय काकाजी हा एकटा माणूस नव्हे, तो एक प्रकार आहे. असे काकाजी धामणगावला आहेत, देवळीला आहेत. आर्वीला दोन आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. दुसऱ्याची गाडी स्टँडवर चढत नसलेली यांना बघवत नाही. रस्त्यात कुणाचं लग्न मोडत असलं तरी ते तिकडे मान वळवणार नाहीत, पण दोनशे किलोची गाडी कुणी कंबरेनं उचलताना दिसला की त्यांच्या जिवाची तगमग होते.

काकाजींची स्वतःची मोटरसायकल कधीच नव्हती. सायकल आहे. तिचा स्टँड मोडून बरीच वर्षं झाली आणि ती कायम कडुनिंबाला टेकलेली असते. हे मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "डॉक्टरले सर्दी होत नाही काय?"

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्याच फजितीतून. लांबच्या प्रवासाची म्हणून मी एक गाडी घेतली होती. पेट्रोलसकट 199 किलो, वर दोन्ही बाजूंना लोखंडी पेट्या. चेनला तेल घालायचं तर मागचं चाक अधांतरी हवं, म्हणजे मेन स्टँड आलाच. मी एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं सीटखालचा दांडा धरला, देवाचं नाव घेतलं आणि गाडी वर ओढली. गाडी जागची हलली नाही, माझ्या पाठीतलं काहीतरी मात्र हललं. "गिअरमध्ये तर नाही ना?" रसवंतीवाल्यानं विचारलं. होती. गिअर काढून पुन्हा ओढली. या वेळी गाडी हलली, पण पलीकडे. जड गाडीचा हा स्वभावच आहे, ती पडायची झाली तर आपण उभे नसतो त्याच बाजूला पडते. दोघांनी धावत येऊन सावरली. तिसऱ्या खेपेला ते वाक्य आलं.

काकाजींनी हातातली प्लास्टिकची पुडी माझ्या हातात दिली. आत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. "घोटत राहा. थांबू नका, नाहीतर सुपारी वेगळी होते." मी घोटू लागलो. पाहुण्याला कामाला लावून त्याचंच काम करायचं, हा या मंडळींचा जुना शिरस्ता.

मग प्रवचन. "जोर कायले लावता? तिले उचलाचं नाही. तिच्यावर उभं राहाचं." स्टँडच्या बाजूला निघालेल्या दांडीवर त्यांनी उजवा पाय नुसता ठेवला आणि गाडी किंचित डोलावली. टक्, टक्. "ऐकलं? दोन्ही पाय टेकले. एकच टेकला असंल तं गाडी फिरते अन् तिकडे जाते. मघाशी तुमचं तेच झालं." हँडल सरळ, पुढच्या ब्रेकवर बोट नाही. मग सगळं अंग त्या दांडीवर टाकून ते जिना चढावा तसे उभे राहिले. गाडी सरकली मागे आणि मागे सरकता सरकता वर जाऊन बसली. हाताचं काम फक्त तिला वाट दाखवायचं. "तुमचं वजन किती? सत्तर? मंग तेवढं बस."

यात जादू काही नाही, साधी तरफ आहे. स्टँडचे पाय मागे तिरके टेकतात आणि गाडी त्यांच्यावरून मागे लोटली जाते. पण तरफ शाळेच्या पुस्तकात असते तेव्हा तिच्याखाली मोटरसायकल नसते.

काकाजी वजन किलोत मोजत नाहीत, गाठीत मोजतात. पुलगाव कापसाचं गाव. मिल बंद पडली तरी जिनिंगची भाषा गेलेली नाही. कापसाची एक गाठ 170 किलोची, म्हणजे आजची 195 किलोची बुलेट "एक गाठ अन् वरतं पंचवीस किलो". गाठसुद्धा कुणी छातीशी धरून उचलत नाही, ती आकड्यानं कलती करून लोळवतात. "तेच हे," काकाजी म्हणतात. एकदा मी त्यांना होंडाच्या गोल्ड विंगबद्दल सांगितलं, 390 किलोच्या आसपास. त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "सव्वादोन गाठी अन् सात-आठ किलो सरकी. मेन स्टँड आहे?" आहे म्हटलं, शिवाय मागे जायला रिव्हर्सही आहे. "मागं जायले मशीन?" ते बराच वेळ गप्प बसले.

ते मिलमध्ये होते की लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोत, हे समोर गाडी कुठली आहे त्यावर ठरतं. बुलेट असली की डेपो. मग 1955 मध्ये मद्रासला बुलेटचा कारखाना कसा निघाला, फौजेनं ती कशी घेतली, हे सगळं ते उद्घाटनाचा नारळ स्वतः फोडल्यासारखं सांगतात. जुनी बुलेट डबल स्टँडवर घेऊन एम्पिअरचा काटा मधोमध आणायचा आणि मगच किक मारायची, नाहीतर किक उलटी पोटरीवर येते. हे सांगताना ते पँट वर करून खूणही दाखवतात. ज्यांच्याकडे गाडी कधीच नव्हती त्यांना ही खूण कशी झाली, हे विचारायची माझी छाती झालेली नाही.

ऋतूप्रमाणे त्यांचं शास्त्र बदलतं. मे महिन्यात डांबर मऊ होऊन साइड स्टँड आत जातो, म्हणून खाली डब्याचं चपटं केलेलं झाकण. पावसाळ्यात काळ्या मातीत मेन स्टँडचे दोन्ही पाय रुततात, म्हणून फरशीचा तुकडा. आणि फारच जड गाडीसाठी टपरीमागे ठेवलेली इंचभर जाडीची फळी. मागचं चाक त्या फळीवर चढवायचं, स्टँड जमिनीवर, की निम्मं काम आधीच झालेलं असतं. ही फळी आर्वीच्या छोट्या गाडीच्या बाकाची आहे, असं ते सांगतात. 35 किलोमीटरची ती नॅरोगेज लाइन बंद पडली, "एवढीच उरली." फळी आंब्याच्या पेटीची आहे हे सगळ्यांना दिसतं. कुणी बोलत नाही.

त्यांचाही एकदा घात झाला. लडाखला निघालेल्या एका पोराची सामानानं लादलेली गाडी त्यांच्या पायाखालून पलीकडे गेली. पेटी चेपली. काकाजींनी वाकून रस्त्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "जमीन वाकडी आहे." पोरगा हसला म्हणून निभावलं.

परवा मात्र वेगळंच झालं. एक चकचकीत मोठी गाडी थांबली. काकाजी खर्रा माझ्याकडे देऊन पुढे झाले, उकिडवे बसले, पार मान घालून खाली पाहिलं. "इचे पाय कुठं गेले?" स्वार म्हणाला, "काका, या गाडीला मेन स्टँड येतच नाही." आणि साइड स्टँडवर गाडी कलती करून तो पोहे खायला गेला. काकाजी तिथंच बसून राहिले. त्या संध्याकाळी ते फळी घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या कॅन लादलेली एक जुनी राजदूत चढेना, तेव्हा परत आणली.

तेव्हा पुलगावात थांबलात तर स्टेशन रोडवर साइड स्टँड काढू नका. फळी टपरीच्या मागे आहे. खर्रा मात्र तुम्हालाच घोटावा लागेल.