एडिटरचे परीक्षक

गोरोबाकाकांच्या तेर गावी परीक्षकाला मान मिळावा हे न्याय्यच आहे. कारण मुक्ताबाईच्या सांगण्यावरून संतमंडळीच्या मस्तकांवर थापटणे मारून कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे याचा निवाडा करणारा कुंभार याच गावचा. आज ज्या परीक्षकाचा परिचय करून द्यावयाचा आहे, तो मडक्यांऐवजी कोड लिहिण्याचे एडिटर तपासतो, आणि त्याच्या थापटण्याखालून आजवर एकही एडिटर पक्का ठरून सुटलेला नाही. संगणकशिक्षणाचा दाखला घेऊन गावी परतलेल्या तरुणांत हा वर्ग सर्वत्रच आढळतो. तेरणाकाठचा नमुना जवळून पाहावयास मिळाला, म्हणून त्याचे वर्णन करतो इतकेच.

प्रकरणाचा आरंभ चुलत्यांच्या फर्माइशीने झाला. त्यांच्या गोठ्यात उस्मानाबादी शेळ्या आहेत. जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले तरी शेळीने आपले जुने नाव अद्याप सोडलेले नाही. शेळ्यांची छायाचित्रे, वजन, भाव आणि मोबाइलचा क्रमांक एवढा मजकूर असलेले एक पान इंटरनेटवर झळकावे, ही त्यांची माफक अपेक्षा. पुतण्याने ती तत्काळ मंजूर केली, आणि पान लिहावयाचे तर प्रथम लिहिण्याचे साधन निश्चित झाले पाहिजे, या तत्त्वास अनुसरून चौकशी सुरू केली.

प्रथम ब्रॅकेट्स मनात भरला, तर २०२१ साली अ‍ॅडोबीने त्याच्यावरील मायेचा हात काढून घेतला. अ‍ॅटमकडे मोर्चा वळवला, तर १५ डिसेंबर २०२२ रोजी गिटहबने त्याचे दप्तर बंद केले. अन्य कोणी हळहळला असता. आमच्या परीक्षकाच्या मुद्रेवर मात्र, घाईघाईने एकही ओळ न लिहिल्याचे समाधान विलसत होते. त्यानंतर १९७६ च्या सुमारास बिल जॉयने रचलेल्या व्हीआयचा वंशज जो विम, त्याच्यात त्याने प्रवेश केला. परंतु बाहेर पडण्याची आज्ञा ठाऊक नसल्याने तो आत अडकून पडला, आणि नित्याप्रमाणे वीज गेली तेव्हाच त्याची मुक्तता झाली. सब्लाइम टेक्स्ट चपळ खरा, पण मधूनमधून खरेदीची आठवण देतो, हा त्याचा अविनय ठरला. व्हीएस कोड फुकट मिळतो आणि जो तो वापरतो, म्हणूनच तो संशयास्पद. आणि नोटपॅड तर दाखलाधारकाच्या प्रतिष्ठेस सर्वथा अशोभनीय!

वस्तुतः टिम बर्नर्स-ली यांनी वेबची मांडणी केली तेव्हापासून एचटीएमएलचे पान म्हणजे साधा मजकूरच होय. तो कोणत्या एडिटरात लिहिला गेला याची गंधवार्ताही ब्राउझरला नसते, आणि एक एडिटर कालवश झाला तरी तीच फाइल दुसऱ्यात बिनतक्रार उघडते. गावातले विटांचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्य असावे असे अभ्यासक मानतात. उपासक बदलले, वास्तू कायम राहिली. परीक्षकाला हा इतिहास मुखोद्गत आहे, आणि पाहुण्यांना तो मंदिर हौसेने दाखवितोही. पण आपल्या प्रकरणाशी त्याचा काही संबंध असेल अशी शंका त्याला कधी शिवलेली नाही. गोरोबांच्या निवाड्याला वजन आले ते त्यांचे हात कोपरापर्यंत चिखलात मळलेले होते म्हणून. आमच्या परीक्षकाने थापटणे तेवढे उचलले आहे, माती भिजवावयाची अद्याप राहिली आहे.

गावाला मात्र या माणसाचा उपयोग नाही असे कोणी म्हणू नये. कोणाचे काही अडले की लोक त्याच्याकडेच धाव घेतात, आणि सगळ्या एडिटरांची कुंडली तोंडपाठ असल्याने तो क्षणार्धात तोड सांगतो. त्याच्या सल्ल्याने इतरांची पाने केव्हाच तयार झाली. एका चुलत्यांचेच तेवढे विचाराधीन आहे. दरम्यान शेळ्या व्याल्या, जुळी करडे झाली, ती वाढली, विकली गेली, आणि पानासाठी काढलेल्या छायाचित्रांतील शेळ्यांपैकी गोठ्यात आता कोणीही हजर नाही.

परवा अखेर व्हीएस कोडच्या बाजूने निकाल लागला. चुलत्यांनी पेढे आणविले. परंतु पेढा तोंडात असतानाच परीक्षकाने गंभीरपणे जाहीर केले की, एडिटरची पार्श्वभूमी काळी असावी की पांढरी हा उपप्रश्न निकाली निघेपर्यंत लेखनकार्य तहकूब राहील, आणि तूर्त आपला कल काळ्याकडे आहे. चुलते क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "आरं बाबा, काळ्यावर काळी शेळी गिऱ्हाइकाला दिसंल कशी?"

साऱ्या चौकशीत प्रत्यक्ष पानाविषयी विचारला गेलेला हा पहिलाच प्रश्न होता; परंतु तो विषयपत्रिकेबाहेरचा असल्याने परीक्षकाने दाखल करून घेतला नाही.