इंडोह्यस यांस, दहावीबाहेर थांबण्याबाबत

प्रति,
इंडोह्यस (जीवाश्म), मु. कालाकोट, जम्मू-काश्मीर.
विषय : उत्क्रांतीचे पुरावे व विद्यार्थ्यांचे वय.

इंडोह्यस हा सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, हरणासारखा दिसणारा खुरांचा प्राणी. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी 1971 मध्ये त्याला नाव दिले. त्यांनी गोळा केलेले बरेच दगड मात्र न फोडताच राहिले. पुढे हान्स थेविसेन यांच्या प्रयोगशाळेत ते साफ करताना एक कवटी चुकून तुटली आणि कानाच्या हाडाची जाड आतली भिंत उघडी पडली. अशी भिंत तोवर देवमाशांतच माहीत होती. पायांची हाडेही पाणघोड्यासारखी जड, पाण्यात तळाशी चालायला सोयीची. 2007 मध्ये हे प्रसिद्ध झाले. सदर प्राणी देवमाशांचा पूर्वज नव्हे, जवळचा भाऊबंद. कच्छमध्ये तर पाय असलेल्या देवमाशांचेच जीवाश्म सापडले आहेत. डीएनएची साक्षही तीच : देवमाशांचा आजचा सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा.

इतका सरळ पुरावा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना सहज कळेल. अडचण बहुधा तीच असावी.

कळविण्यात येते की, कोविडकाळात भार हलका करण्याच्या कारणाने एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानातील 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणात फक्त आनुवंशिकता उरली. म्हणजे पिढीगणिक फरक पडतात हे शिकायचे. ते फरक कोट्यवधी वर्षे साचल्यावर काय होते, हे विचारायचे नाही. शाळा पुन्हा भरल्या, वगळलेले पुस्तकात परतले नाही. एप्रिल 2023 मध्ये 1800हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आदींनी खुल्या पत्राद्वारे हरकत घेतली. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे. सबब वाणिज्य व कला शाखांच्या मुलांशी सदर प्राण्याची गाठ पडणार नाही. बाकीच्यांसाठी आणखी दोन वर्षे थांबणे 4.8 कोटी वर्षांची सवय असलेल्यास जड जाऊ नये.

माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, हा जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी घेतलेला आक्षेपही नोंदीस आहे. त्या न्यायाने खडकांतली हाडे बाद ठरतात, आणि साक्षीदाराविना लागलेले पोलिसांचे बरेचसे तपासही.

तातडीची गरज भासल्यास सदर प्राण्याने महाराष्ट्राकडे चौकशी करावी. बालभारतीच्या 2018 च्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 मध्ये पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे, पुराव्यांसकट.

आज्ञेवरून.