एरंडाचं गुऱ्हाळ

दुकानात गेल्यावर पहिलं काम हे करा: काउंटरवर मांडलेल्या दोन इंजिनांचे शाफ्ट बोटांनी फिरवून पाहा. एक नुकतंच तेल घातलेल्या शिवणयंत्राच्या चाकासारखं गरगर फिरेल. दुसरं पिस्टन वर येता येता अडेल, जोर लावलात तर कुरकुरत पुढे सरकेल. तुम्ही नवशिके आहात, तेव्हा पहिलंच घ्याल. घ्या. दुकानदार अडवणार नाही, कारण दुसरं त्याला स्वतःच्या विमानासाठी हवं असतं.

पुढचा भाग घरी पोचल्यावर, खोकं उघडून झाल्यावर वाचायचा आहे. मॉडेल विमानाच्या छोट्या इंजिनात पिस्टनला बहुधा रिंग नसते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो ज्यात सरकतो ते लायनर पितळेचं, त्याला आतून क्रोमचा मुलामा. स्वस्त मालात पुष्कळदा निकेलचा. लायनर वरच्या टोकाला किंचित निमुळतं कातलेलं असतं, म्हणून थंड इंजिनात पिस्टन तिथे घट्ट बसतो. इंजिन तापलं की पितळ पिस्टनपेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि पकड सैल होते. म्हणजे थंडपणी अडणारं इंजिन तापल्यावर जागेवर येतं, आणि थंडपणीच गुळगुळीत फिरणारं तापल्यावर कॉम्प्रेशन सोडून देतं. तुम्ही गुळगुळीत फिरणारं घेऊन आला आहात. बिल जपून ठेवा, त्याचा उपयोग काही नाही.

आकाराबद्दल. बहुतेक ट्रेनर विमानांना चाळीस किंवा सेहेचाळीस नंबरचं इंजिन लागतं. हा नंबर घन इंचाचा शंभरावा भाग आहे: .46 म्हणजे साधारण साडेसात सीसी. एवढ्याशा भांड्यातून मिनिटाला दहा-बारा हजार फेरे निघतात, हे पाहुण्यांना सांगायला चांगलं. जपानी इंजिन घ्यावं की त्याच्या निम्म्या किमतीतलं, हा प्रश्न तुम्हाला पडलेला नाही. पडला असता तर तुम्ही हे वाचत बसला नसता.

तरी स्वस्त का पडतं ते समजून घ्या. स्वस्त म्हणजे वाईटच, असं नाही. कॅलिफोर्नियातल्या कॉक्स कंपनीचं .049 हे जेमतेम 0.8 सीसीचं इंजिन पोरांच्या खेळण्यातल्या विमानाला लावून विकलं जायचं, आणि त्याच्या पिस्टन-सिलिंडरची जोडणी पाहून कसलेल्या टर्नरने मान डोलवावी अशी होती. ती इंजिनं लाखोंच्या संख्येने निघाली, भाग मोजके होते, आणि यंत्रं एकदा लावली की तेच ते कातत बसायची. तिथली स्वस्ताई संख्येतून आली. आपल्या खोक्यातल्या इंजिनाची वेगळ्या वाटेने येते. आराखडा दुसऱ्या कुणीतरी पूर्वीच करून ठेवलेला असतो. एकाच कारखान्याचा माल दोन-तीन नावांनी, दोन-तीन रंगांच्या खोक्यांतून विकला जातो, त्यामुळे जाहिरातीचा खर्च दुसऱ्याच्या माथी. आणि मुख्य म्हणजे शेवटच्या टेबलावर बसून प्रत्येक नग हातात घेऊन बघणारा तपासनीस काढून टाकलेला असतो. त्याची जागा तुम्हाला दिली आहे. पगार तोच, जो त्याचा वाचवला.

म्हणून मॉडेल तेच, खोकं तेच, पण एक नग पाच वर्षं चालतो आणि शेजारचा पाचव्या मिनिटाला मान टाकतो. जपानी इंजिनात तुम्ही जास्तीचे पैसे देता ते शक्तीसाठी नव्हे. तिथे दोन नग सारखे निघतात, त्याचे ते पैसे.

माझं पहिलं स्वस्त इंजिन कोणत्या नावाचं होतं ते सांगत नाही; कारखाना अजून चालू असला तर उगाच आनंद व्हायचा. क्रँककेसच्या आत ओतकामाची कचकच राहिली होती. मी ती धुतली नाही, कारण नव्या वस्तूला अंघोळ घालतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगतो: मागचं झाकण उघडा, आतून रॉकेलने धुवा, तेल सोडा, झाकण परत लावताना चारही स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळा. हे न करताही इंजिन सुरू होतं. तेवढा वेळ धातूचे कण लायनरवर आपली सही करतात.

आता इंधन. पेट्रोल नव्हे. मिथेनॉल, त्यात वंगण, आणि ऐपत असेल तर थोडं नायट्रोमिथेन. स्पर्धेचं जुनं प्रमाण सोपं आहे: 80 टक्के मिथेनॉल, 20 टक्के एरंडेल. होय, तेच एरंडेल, जे लहानपणी नाक दाबून पाजलं गेलं. त्याची गंमत अशी की तापल्यावरही ते धातूला चिकटून राहतं, सगळं जळत नाही आणि उरलेलं उष्णता घेऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनंही यावरच चालत आणि वैमानिकांना त्याचा धूर नाकातोंडात घ्यावा लागे. पुढचं परिणामांचं वर्णन तुमच्या आजीला विचारा. कॅस्ट्रॉल या नावातही एरंडाचं इंग्रजी नाव लपलेलं आहे. स्वस्त इंजिनात निदान थोडं तरी एरंडेल असावंच. नुसतं कृत्रिम तेल घातलं आणि सुईचा अंदाज चुकला, तर इंजिनाला माफी नाही. एरंडेलावर एखादी चूक खपून जाते. ते पंखांवर, कपड्यांवर, गाडीच्या सीटवर आणि शेवटी घरातल्या संबंधांवर पसरतं, तो भाग निराळा.

इथे थट्टा बाजूला ठेवतो. मिथेनॉल विष आहे. 2015 साली मुंबईतल्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं ज्या दारूने गेली तिच्यात हेच होतं. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही, एका दुपारपुरतंसुद्धा, भरू नका. उन्हात त्याची ज्वाळा दिसत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि फिरत्या प्रॉपच्या, म्हणजे प्रॉपेलरच्या, रेषेत उभं राहू नका. बोटं परत येत नाहीत.

थट्टा पुन्हा सुरू.

इंजिन सुरू करणे. यात ठिणगी नसते. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या जातीची बारीक तार असते. ती दीड व्होल्टच्या सेलने लालबुंद करायची. एकदा इंजिनाने धरलं की सेल काढून घ्या, कारण मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमवर स्वतःच तिला तापत ठेवते. 1947 साली अमेरिकेत रे आर्डनने हे प्लग बाजारात आणले आणि तोवर विमानात कॉइल, कंडेन्सर, बॅटरी कोंबणाऱ्या पोरांची सुटका झाली. दीड व्होल्टला तार तापते तर गाडीच्या बारा व्होल्टला आठपट चांगली तापेल, असा हिशेब तुम्ही कराल. सगळेच करतात. प्लग चार आणा. खोक्यात फुकट मिळालेला प्लग पाचवा धरू नका, तो फक्त भोक बुजवण्यासाठी दिलेला असतो.

मग सुई. सुई म्हणजे कार्ब्युरेटरला इंधन किती जाईल ते ठरवणारा बारीक स्क्रू. डावीकडे फिरवली की इंधन जास्त, उजवीकडे फिरवली की कमी. पूर्ण बंद करून अडीच-तीन फेरे उघडा, प्रॉपला लाकडी दांडक्याने टिचकी मारा. इंजिन फुरफुरेल आणि बंद पडेल. एवढ्यात मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले काका उठतील.

"सुई अर्धा फेरा उघड रे."

"उघडलीय, काका."

"मग बंद कर."

"बंद केली की थांबतं."

"थांबणारच. चायनाचं आहे."

काकांचं निदान मुखपाठ करून ठेवा. विमानाशी संबंधित कोणताही प्रश्न त्याने सुटतो. माझ्या अनुभवात मात्र दहातल्या सात वेळा इंजिन निर्दोष असतं. इंधनाचा डबा अर्धाभर राहून घरी झाकण सैल ठेवलेला असतो. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि तुम्ही पाणी मिसळलेलं इंधन पाजत असता. टाकी सुईच्या पातळीपेक्षा दोन बोटं खाली बसवलेली असते, कारण वर जागा नव्हती. टाकीतल्या नळीला विरंगुळा म्हणून भोक पडलेलं असतं. प्लग जुना असतो. यातलं काहीही जपानी इंजिनाला केलं तरी तेही असंच वागेल, फक्त तेव्हा काका म्हणतील की तुझं काहीतरी चुकतंय. स्वस्त इंजिनाची बदनामी बरीचशी अशी त्याच्या जातीवरून झालेली आहे.

उरलेल्या तीन वेळा मात्र इंजिनच दोषी. सुईच्या बुडाशी रबरी कडं ढिलं बसतं आणि तिथून हवा आत जाते. वर सुई कितीही नेमकी लावा, इंजिन आपल्या मनाने चढतं-उतरतं. यावर उपाय एक पैशाचा आहे: सुईच्या बुडावर सिलिकॉनच्या इंधननळीचा छोटा तुकडा घट्ट चढवा. कधी सायलेन्सरचे स्क्रू उड्डाणागणिक सैल होतात. कधी निकेलचा मुलामाच पापुद्र्यासारखा सुटतो. त्याला उपाय नाही, नवं लायनर आणि पिस्टन घ्यावे लागतात, आणि ते सुटे घेताना कळतं की इंजिन अख्खं घेतलं तेच बरं होतं.

नव्या इंजिनाला 'रनिंग-इन' करायचं असतं. जुने जाणते सांगतील, तासभर भरपूर इंधनावर, गार-गार चालव. लोखंडी पिस्टनच्या आणि रिंगच्या इंजिनांना तो सल्ला योग्य होता. तुमच्या पितळी लायनरचं गार राहिल्याने उलटं होतं: पिस्टन वरच्या चिंचोळ्यात घासत राहतो. छोट्या छोट्या फेऱ्यांत चालवा, मधून सुई आवळून नीट तापू द्या, मग थांबवून पूर्ण गार होऊ द्या. खोक्यातल्या माहितीपत्रकात यावर एक परिच्छेद असतो. तो चिनी माणसाने इंग्रजीत लिहिलेला असून कोणत्याही भाषेत कळत नाही.

जमिनीवर इंजिन छान किंचाळू लागलं की सुई आणखी थोडी आवळण्याचा मोह होतो, कारण अजून थोडा आवाज चढतो. चढू द्या. विमान उडवा, नाक वर करा. नाक वर गेलं की टाकी इंजिनाच्या खाली जाते, इंधन कमी पोचतं आणि ज्या इंजिनाकडे जमिनीवरच काही शिल्लक नव्हतं ते पन्नास फुटांवर गप्प होतं. त्या शांततेत तुम्हाला लांबच्या देवळातली घंटासुद्धा ऐकू येईल. पुढच्या वेळी कमाल आवाजापासून सुई थोडी मागे उघडा, मदतनीसाला विमानाचं नाक आकाशाकडे धरायला सांगा, आणि तरी इंजिन टिकतं का पाहा. पुढच्या वेळी म्हणजे विमान चिकटवून झाल्यावर.

पावसाळ्यात इंजिन कपाटात जातं. जाण्याआधी आत दोन थेंब तेल सोडायचं राहून जातं. दसऱ्याला पान्हे-पकडींबरोबर पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून, झेंडू चढवून तुम्ही प्रॉप फिरवता आणि आतून वाळू चाळल्यासारखा आवाज येतो. बेअरिंग गंजलं. घाबरू नका, हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत आनंदाचा भाग आहे. इंजिन पूर्ण सोडवा. रिकामी क्रँककेस भट्टीत दीडशे अंशांवर तापवा आणि लाकडावर आपटा, बेअरिंग टपकन बाहेर पडतं. त्याच्या कडेवर आकडा कोरलेला असतो. तो आकडा घेऊन शहरातल्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जा, तिथे ते चांगल्या कंपनीचं मिळेल. पुढचं बेअरिंग तर पुष्कळदा पंखे-मोटारींत वापरतात तेच असतं. घरच्या ओव्हनमध्ये हे केलंत तर पुढचे सहा महिने नानकटाईला एरंडेलाचा वास येईल. मी केलं आहे. आमच्याकडे आता नानकटाई बाहेरून आणतात.

नवी बेअरिंगं, नवा प्लग, सुईवर नळीचा तुकडा, धुतलेली क्रँककेस, रबरी कडी बदललेली: आता हे इंजिन पहिल्या टिचकीला धरतं आणि रविवारभर चालतं. खर्च मांडून पाहिलात तर आकडा जपानी इंजिनाच्या थोडा पुढे गेलेला दिसेल. त्यात दर दहा-बारा मिनिटांना संपणारी तीनशे मिलिलिटरची टाकी आणि प्रत्येक नाकावरच्या उतरण्याला मोडलेला प्रॉप धरलेला नाही. हे इंजिन चालवायला जे कळावं लागतं ते तुम्हाला आता कळतं, आणि ज्याला ते कळतं त्याला स्वस्त इंजिन खरोखरच स्वस्त पडतं. घोटाळा इतकाच, की ते घेतो मात्र ज्याला काहीच कळत नाही तो. महाग इंजिन नवशिक्याने घ्यावं आणि हे काकांनी. पण काकांकडे जपानी आहे, आणि ते बोलायला मोकळे आहेत.

हल्ली ब्रशलेस मोटर येते. बॅटरी जोडली की चालते, तेल नाही, सुई नाही, काका नाहीत. तिच्याबद्दल या मार्गदर्शनात काही सांगण्यासारखं नाही.

एकदोन हंगामांनंतर लायनर झिजेल. कॉम्प्रेशन इतकं उतरेल की उलटं धरलं तर प्रॉप आपल्याच वजनाने खाली झुलेल. तेव्हा इंजिन बाहेरून रॉकेलने लख्ख पुसा, मूळ खोक्यात ठेवा आणि रविवारी मैदानावर घेऊन जा. तिथे एक नवा मुलगा आलेला असेल, वडिलांना बरोबर घेऊन. तो विचारेल, काका, हे कसं आहे? इंजिन त्याच्या हातात द्या. तो शाफ्ट बोटांनी फिरवून पाहील. काहीही न अडता गरगर फिरेल. त्याचा चेहरा उजळेल.