बूफरवीर

प्रत्येक सोसायटीत एक बूफरवीर असतो. गाडी गेटमधून आत यायच्या आधी त्याचा बेस आत येतो. तळमजल्याची तावदानं थरथरतात, उभ्या स्कूटरचा अलार्म कोकलायला लागतो. गाडी म्हणाल तर जुनी स्विफ्ट. पण डिकीत बारा इंची दोन वुफर, मोनोब्लॉक अँप्लिफायर आणि बोटभर जाडीची लाल वायर असा संसार असल्यामुळे सासुरवाडीला जाताना बॅगा बायकोच्या मांडीवर.

शाळेत ओहमच्या नियमानं याला रडवलं होतं. आता हा ओहमशिवाय बोलत नाही.

‘‘काका, एका वुफरला चार-चार ओहमच्या दोन कॉइली. सिरीजला आठ, पॅरललला दोन. ओहम कमी तेवढा करंट जास्त!’’

‘‘मग शून्यच करून टाक की.’’

‘‘शून्य म्हणजे शॉर्ट, काका,’’ तो समजुतीनं सांगतो.

मल्टिमीटर कायम खिशात. चार ओहमची कॉइल मीटरवर साडेतीनच दाखवते, म्हणून दुकानदारानं फसवलं असं आपल्याला वाटतं. तो हसतो. मीटर नुसत्या तारेचा रोध मोजतो. गाणं वाजताना लागणारा इंपिडन्स वेगळा, तो सुरासुरागणिक बदलतो. वायर विकत घेताना हा टोक ब्लेडनं खरवडून बघतो: अस्सल तांबं की अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा? लग्नाआधी मुलीकडच्यांची एवढी चौकशी त्यानं केली नव्हती.

दुःख एकच. अँपला दोन ओहमच्या खाली झेपत नाही. दोन वुफरच्या चारही कॉइलींना सारखा वाटा द्यायचा, तर जोडणीतून एक, चार किंवा सोळा ओहम निघतात. दोन काही केल्या निघत नाही. चारवर बेस मिळमिळीत वाटतो. मग रात्री अकराला, कपाळाला टॉर्च बांधून, तो एकवर जोडतो. ढम्म होतं, प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो आणि सगळं चिडीचूप. वरच्या मजल्यावरच्या आजी देवाला हात जोडतात. आठवड्याभरात तो ते वुफर कुणाच्या तरी गळ्यात मारून दोन-दोन ओहमच्या कॉइलींचे आणतो. एकेकाच्या कॉइली सिरीजला, दोन्ही वुफर पॅरललला. आले की दोन!

आता हजार वॉटला बॅटरीकडून नव्वदेक अँपिअर ओढले जातात, ठोक्यागणिक हेडलाइट मिचकतात. पण माणूस दिलदार. कुणाचंही वायरिंग फुकट करून देईल. बॅटरीजवळ फ्यूज नसेल तर आधी झापेल, मग स्वतःच्या खर्चानं बसवेल. मोबदला एवढाच, की आपण शेजारच्या सीटवर बसून छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, ‘‘लागतंय, लागतंय!’’

परवा बसलो. आरसा थरथरला, तो खूश झाला, गाणं बंद केलं आणि डिकीत शिरला.

‘‘अरे, गाणं छान होतं. कुणाचं?’’

‘‘काय माहीत,’’ डिकीतून आवाज आला, ‘‘ते टेस्टिंगचं आहे.’’