पार्किंगमधले दुरुस्ते

प्रत्येक सोसायटीत एक दुरुस्ते असतातच. दारावरच्या पाटीवर कुलकर्णी असोत, जाधव असोत की फर्नांडिस, पार्किंगमध्ये त्यांची जात एकच. रविवारी सकाळी एखाद्या जुन्या गाडीची चारही दारं सताड उघडी, बॉनेट वर आणि ड्रायव्हरच्या बाजूने बाहेर आलेले दोन पाय दिसले, की ते पाय दुरुस्त्यांचे समजावेत. एका पायातली स्लिपर गाडीखाली सरकलेली असते. पुढचे तीन-चार तास आपण त्या पायांशीच बोलायचं असतं.

दुरुस्ते मेकॅनिक कधीच नसतात. ते बँकेत असतात, वीज मंडळातून निवृत्त झालेले असतात किंवा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असतात. गाडी, मिक्सर, गिझर, कशाचंच त्यांना विशेष प्रेम नसतं. त्यांना फक्त झाकण सोसत नाही. झाकणावर स्क्रू दिसला तर ठीक. स्क्रूच दिसत नसला की आपला अपमान झाल्यासारखं त्यांना वाटतं. "स्क्रू नाही म्हणजे काय? माणसानेच बसवलंय ना हे?" असं म्हणत ते नखाने कड चाचपायला लागतात. अशा वेळी वस्तू आपली असेल तर गोड बोलून ती त्यांच्या हातातून काढून घ्यावी.

आमच्या दुरुस्त्यांच्या गाडीला यंदा १५ वर्षं पुरी होत होती. १५ वर्षं झाली की खासगी गाडीची नोंदणी नव्याने करायची, म्हणजे आरटीओत पासिंग आलं, वर पर्यावरण कर आला. पासिंगला हॉर्न वाजवून बघतात. दुरुस्त्यांचा हॉर्न वाजत नव्हता असं नाही, मधोमध दाबला की वाजत नव्हता. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळलं की मात्र आपोआप वाजायचा. आमचं गेट नेमकं डाव्या वळणावर असल्याने ते घरी आल्याची वर्दी तिन्ही इमारतींना मिळायची आणि काकू वर चहाचं आधण ठेवायच्या.

स्टिअरिंगवरच्या बाकीच्या बटणांनी तर सगळं ताळतंत्र सोडलं होतं. आवाज वाढवायला जावं तर गाणं पुढे जायचं. गाणं पुढे ढकलावं तर आवाजच बंद. फोन घ्यायचं बटण दाबलं की फोन कट व्हायचा. काकूंच्या माहेरून आलेले फोन असे कट झाले तेव्हा, "अगं, तो बटणाचा दोष आहे," असं दुरुस्त्यांनी परोपरीने सांगितलं. काकूंनी हे कारण अजून पूर्णपणे मान्य केलेलं नाही.

शेवटी त्यांच्याच आग्रहाखातर दुरुस्ते सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे इस्त्रीच्या शर्टातल्या एका मुलाने गाडीत न बसताच निदान केलं, "सर, असेंब्ली बदलावी लागेल."

"नेमकं काय गेलंय?"

"असेंब्ली, सर."

"हो, पण असेंब्लीतलं काय?"

"सर, ती पूर्णच येते."

मग त्याने पाच अंकी आकडा सांगितला आणि त्यापुढे, "पण मॉडेल बंद झालंय, पार्ट मिळेलच असं नाही." म्हणजे जी वस्तू मिळायची नाही ती बदलायची आणि तिचा आकडा मात्र तयार! माझ्या मते दुरुस्ते नावाची जमात याच एका वाक्यावर पोसली जाते. 'असेंब्ली बदलावी लागेल' हे वाक्य उद्या बंद झालं, तर महाराष्ट्रातले निम्मे दुरुस्ते रविवारी दुपारी निवांत झोपतील.

घरी आल्या आल्या त्यांनी श्रीखंडाचे डबे काढले. श्रीखंड संपतं, डबा उरतो, आणि डब्यात दुरुस्त्यांचा संसार मांडला जातो. एकात पान्हे, एकात पक्कड आणि तीन डिसमिस, एकात मल्टिमीटर, एकात 'लागेल कधीतरी'. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून आयपीएची बाटली आली. ते मद्य नव्हे, छापील सर्किटावरचा मळ काढायचं अल्कोहोल आहे, हे बाटली बघितल्यावर घरात वेगळं समजावून सांगावं लागलं.

पहिल्या रविवारी बटणं. बटणांच्या भोवतीची प्लॅस्टिकची पट्टी त्यांनी नातवाच्या कंपासपेटीतल्या पट्टीने उचकली. डिसमिस वापरला तर कडेला ओरखडा उठतो, असं त्यांनी वॉचमनला बजावलं. वॉचमनकडे तेव्हा डिसमिस नव्हता. काढलेला प्रत्येक स्क्रू एका लग्नपत्रिकेत गेला. ही युक्ती खास त्यांची. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर स्टिअरिंगचं चित्र काढायचं आणि जो स्क्रू जिथून निघाला तो चित्रात तिथेच टोचायचा. कोणाचंसं शुभमंगल पलीकडच्या बाजूने भोकं पडत पडत पार पडत होतं. पण दुरुस्त्यांचा स्क्रू कधी उरत नाही, हे त्यांच्या वैऱ्यांनाही कबूल करावं लागतं.

"आता सांग, बटणं किती?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

"सहा."

"आणि वायरी?"

वॉचमनने वाकून बघितलं. "दोनच हो, काका!"

हा क्षण दुरुस्त्यांना पगारवाढीहून प्रिय असतो. मग अर्धा तास व्याख्यान. प्रत्येक बटणामागे वेगळ्या किमतीचा रेझिस्टर असतो. बटण दाबलं की तेवढा अडथळा वाटेत येतो, व्होल्टेज तेवढं बदलतं, आणि स्टिरिओ त्या व्होल्टेजवरून ओळखतो की मालकाने काय दाबलं. १५ वर्षांत बटणाखालच्या रबरावर हाताचा घाम, धूळ आणि चहा बसला. मळाचा अडथळा रेझिस्टरच्या अडथळ्यात मिसळला, बेरीज चुकली, आणि 'आवाज वाढव' हे स्टिरिओला 'पुढचं गाणं' असं ऐकू यायला लागलं. "म्हणजे बटण बरोबर बोलतंय आणि स्टिरिओही बरोबर ऐकतोय," दुरुस्ते म्हणाले. वरच्या गॅलरीतून काकू म्हणाल्या, "मग माझ्या आईचा फोन कोणी कापला?" व्याख्यान तिथेच आटोपलं.

आतलं सर्किट तळहाताएवढंही नव्हतं. कापूस गुंडाळलेल्या काडीने त्यांनी एकेक काळा ठिपका असा पुसला, की कोणी देवाची मूर्तीही इतक्या हलक्या हाताने पुसत नसेल. प्रत्येक बटणाचे ओहम मोजून पत्रिकेच्या कडेला लिहिले, पुसण्याआधीचे आणि नंतरचे. दुपारी एक वाजता आवाज वाढवायच्या बटणाने आवाज वाढला. तो इतका वाढला की बी विंगमधल्या आजोबांची डुलकी मोडली. आजोबांना खाली बोलावून बाकीची पाचही बटणं दाखवण्यात आली.

हॉर्नचं प्रकरण मात्र गंभीर होतं, कारण तिथे वाटेत एअरबॅग येते. डॅशबोर्डवर तिचा लाल दिवा सहा-सात महिने पेटलेला होता. सी विंगमधल्या एका गृहस्थांनी सुचवलं, "त्याच्यावर टिकली चिकटवा, आमच्याकडे आम्ही तेच केलंय." दुरुस्त्यांनी त्या गृहस्थांशी बोलणं टाकलं, ते आजतागायत.

एरवी वाटेल तिथे हात घालणारा हा माणूस एअरबॅगपुढे सोवळ्यात असल्यासारखा वागतो. अपघात झाला की डोळ्याची पापणी लवायच्या आत ती पिशवी फुगते. आपण समोर वाकलेले असताना ती फुगली तर काय होईल, हे त्यांना नीट ठाऊक आहे. म्हणून आधी १० नंबरच्या पान्ह्याने बॅटरीची निगेटिव्ह काढली. मग थांबायचं. बॅटरी काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, तो ओसरू द्यायचा. गाडीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ त्यांनी पाळला, वर तेवढाच आणखी आपल्या पदरचा घातला. तेवढा वेळ दुरुस्ते काहीही न उघडता नुसते बसून होते, हे दृश्य बघायला लोक खाली आले होते. एअरबॅगच्या वायरी पिवळ्या असतात. मल्टिमीटर हा माणूस देवघरातल्या समईलाही लावून बघेल, पण पिवळ्या वायरीला त्याची टोकं टेकवायची नाहीत हा त्यांचा दंडक. तेवढ्या करंटानेही ती फुटू शकते. निघालेली एअरबॅग दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून त्यांनी बंद खोलीत नेली आणि तोंड वर करून ठेवली. दाराबाहेर काकूंना बसवलं.

मग मधला नट. त्याआधी त्यांनी वर हाक मारली, "अगं, तुझं नेलपॉलिश टाक बरं खाली."

"अहो, कशाला?"

"दोन ठिपके हवेत फक्त."

एक ठिपका दांड्यावर, एक स्टिअरिंगवर. परत बसवताना ठिपके समोरासमोर आले नाहीत तर गाडी सरळ चालते आणि स्टिअरिंग तिरकं राहतं. नटही पूर्ण काढला नाही. दोन-तीन आटे ठेवले आणि मग स्टिअरिंग ओढलं, नाहीतर ते निसटून थेट दातांवर येतं. ही शिकवण वडिलांकडून आलेली. त्यांची कुर्ल्यात बनलेली पद्मिनी होती. तिचा गिअरसुद्धा स्टिअरिंगच्या दांड्यालाच, पण ते सगळं नटबोल्टांचं राज्य. तिथे असेंब्ली हा शब्द फक्त विधानसभेसाठी वापरत.

स्टिअरिंगखाली निघाली ती क्लॉक स्प्रिंग. प्लॅस्टिकची चपटी डबी, आत कागदासारखी पातळ पट्टी अळूवडीच्या उंड्यासारखी गुंडाळलेली. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन वेढे फिरतं. त्याच्याबरोबर ही पट्टी सैल होते, घट्ट होते, पण तुटत नाही. निदान १५ वर्षं तुटत नाही. हॉर्नची रेघ मधेच तुटली होती आणि डावीकडे वळताना तिचं मोकळं टोक लोखंडाला टेकत होतं. एअरबॅगची रेघही गेली होती, म्हणून तो दिवा. दुरुस्त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की दुसऱ्या कोणाची एवढी महागाची वस्तू तुटली असती तर तो दिसायला वाईट दिसला असता.

ही पट्टी झाळायची नाही, एअरबॅगचा रस्ता आहे तो, एवढा विवेक त्यांच्याकडे आहे. ते नाना पेठेत गेले. चौथ्या दुकानात, दुसऱ्या कुठल्याशा कंपनीची, पण पिना तंतोतंत जुळणारी नवी डबी सापडली. सर्व्हिस सेंटरच्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाने. वर दुकानदार म्हणाला, "काका, हिचा पिवळा चिकटा काढेपर्यंत फिरवू नका हं, मध्यावर लावून दिलीय." दुरुस्त्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की त्याने चहा मागवला.

घरी आल्यावर ते हात धुवायला गेले तेवढ्यात नातवाने चिकटा काढून डबी मनसोक्त फिरवली होती. दुसऱ्या कोणी आकांत केला असता. दुरुस्त्यांनी नातवाला शेजारी बसवलं, डबी अलगद एका टोकापर्यंत फिरवली, मग वेढे मोजत दुसऱ्या टोकापर्यंत, आणि निम्मे वेढे मागे येऊन थांबले. "मध्य चुकला ना, की पहिल्याच पूर्ण वळणाला पट्टी फाटते," ते म्हणाले. नातू म्हणाला, "आता मी मोजू?" आणि त्या घरात पुढचा दुरुस्ते तयार झाला.

बाकीचं काम सरळ झालं. बॅटरी जोडल्यावर स्टिरिओने चार आकडी कोड मागितला. गाडीचं पुस्तक इतकं जपून ठेवलेलं होतं, की ते शोधायला सगळं घर लागलं. खिडक्यांच्या काचांनाही कुठे थांबायचं ते पुन्हा शिकवावं लागलं. एअरबॅगचा दिवा क्षणभर लागला आणि विझला. काकू बोलल्या काही नाहीत, पण खिडकीतून बघत होत्या.

या सगळ्यात पैसे वाचले का, हे त्यांना विचारू नये. वाचलेल्या पैशांतून नवा टॉर्क्स संच आणि सोल्डरिंग स्टेशन आलं, एवढं काकू सांगतात.

पासिंगच्या दिवशी निरीक्षकाने हॉर्न एकदाच दाबला, कागदावर खूण केली आणि पुढच्या गाडीकडे गेला. एवढ्यासाठी तीन रविवार! पण गाडीला पुढच्या पाच वर्षांची नोंदणी मिळाली आणि वळणावर ती आता गप्प असते. चहा त्यामुळे थोडा उशिरा होतो.

बटणं साफ करण्यात फार काही नाही; आयपीए, कापूस आणि थोडा धीर असेल तर ती तुम्ही खुशाल घरी करा. पिवळी वायर दिसली की मात्र थांबा आणि जाणत्या माणसाला बोलवा. आमच्या दुरुस्त्यांचा नंबर मागू नका, त्यांना सध्या वेळ नाही. येत्या रविवारी ते माझा गिझर उघडणार आहेत. गिझर बिघडलेला नाही.