मधल्या पानांचं काय करायचं?

हुकमी पानं हातात आली की काय करायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हातात काहीच नसलं तरी फारसं अडत नाही. पानं टाकावीत आणि भजी घ्यावीत. पंचाईत होते ती 'बरी आहेत' म्हणावीत अशा पानांची.

पोकरची शेवटची फेरी घ्या. टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उघडी पडली आहेत: राजा, नव्वी, सत्ती, चव्वी, दुर्री, रंग सगळे मिसळलेले. तुमच्या हातात एक्का आणि नव्वी, म्हणजे नव्वीची जोडी. आता नवं पान येणार नाही. या पाचव्या पानाला पोकरवाले 'रिव्हर' म्हणतात, आणि ते पडलं की पानांचं नशीब पक्कं. (मुळशीत बसून हे पटवून घेणं जड जातं. इथली मुळा पिढ्यानपिढ्या पूर्वेला पुण्याकडे निघालेली. धरण झालं आणि तिचं पाणी पश्चिमेला, भिऱ्याच्या वीजघराकडे कोकणात उतरू लागलं. नद्यांचं काही सांगता येत नाही.)

तर, आता पैसे लावायचे की 'चेक' म्हणायचं?

ताम्हिणीत भिजून मुळशीच्या फार्महाऊसवर जमणारी आमची मंडळी तीन पत्तीवर वाढलेली. तिथं फुकट बसायची सोय नाही. चाल द्या, नाहीतर पॅक व्हा. शो मागायचा तरी पैसे मोजा. पोकरमध्ये मात्र आधी कुणी काही लावलेलं नसेल, तर टेबलावर बोटानं टकटक करायचं आणि एक छदामही न देता डावात राहायचं. हा नियम प्रथम ऐकला तेव्हा जमलेल्या पुणेकरांच्या चेहऱ्यांवर जे समाधान पसरलं, ते धबधबा पाहूनही पसरलं नव्हतं. तसे आम्ही चिंचोक्यांवरच खेळतो. १८८७ सालचा जुगाराचा कायदा अजून शाबूत आहे, आणि चिंचोक्यांना त्याची भीती नाही. शेंगदाणे लावून पाहिले होते, पण डाव मिटायच्या आत पॉटच खाऊन संपायचा.

नव्वीच्या जोडीवर पैसे लावले तर होतं काय? समोर सत्तीची जोडी असेल तर तो माणूस पानं टाकतो. राजा असेल तर आनंदानं पैसे भरतो. म्हणजे ज्याला हरवलं असतं तो पळाला आणि ज्याच्याकडून हरायचं तो थांबला. शेवटी बोलणाऱ्यासाठी हिशेब सरळ आहे: समोरच्यानं पैसे भरून पानं पाहिली, तर त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा आपण जिंकणार असू, तरच चांगल्या पानांवर पैसे लावण्यात अर्थ. थाप मारायची तर गणित वेगळं. शंभर चिंचोक्यांच्या पॉटवर पन्नास लावले, तर तीनांत एकाहून जास्त वेळा समोरचा पळाला पाहिजे.

जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानं ऑस्कर मॉर्गनस्टर्नबरोबर १९४४ साली लिहिलेल्या खेळांच्या सिद्धान्तावरील ग्रंथात पोकरचं एक साधं रूप सोडवून दाखवलं. निष्कर्ष असा, की पैसे लावावेत ते उत्तम पानांवर आणि अगदी भिकार पानांवर. मधल्यांनी चेक करावं. भिकार पानांना नुसतं बसून काही मिळणारच नसतं, म्हणून आरडाओरडा त्यांनाच परवडतो. मधल्यांकडे राखण्याजोगं थोडंफार असतं. हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. सोसायटीच्या सभेत कोण बोलतं ते आठवून पाहा: तीन फ्लॅटवाले, नाहीतर दोन वर्षांचा मेंटेनन्स थकवलेले. उरलेले आम्ही मिनिटांच्या वहीत सही करून येतो.

पण गप्प बसलं की विषय मिटला, ही समजूत सभेत चालते, पोकरमध्ये नाही. आपण आधी बोलणारे असलो आणि चेक म्हटलं, तर समोरचा त्यावर पैसे लावू शकतो. आमच्या वहिनी हेच करतात. टकटक ऐकू आली की ओंजळभर चिंचोके पुढे सारतात आणि विचारतात, "भाऊजी, नव्वीची जोडी ना?" फक्त मधल्या पानांवरच गप्प बसणारा माणूस गप्प बसूनच सगळं सांगून टाकतो, हे त्यांनी फॉन नॉयमन न वाचता ओळखलंय.

यावर उतारा एकच: अधूनमधून भारी पानं घेऊनही टकटक करायची, म्हणजे वहिनींनी ओंजळ पुढे सारली की ती आपली. आमच्यातल्या एका निवृत्त बँकवाल्यांना हे छान जमतं. आयुष्यभर कर्जाच्या अर्जांकडे ज्या चेहऱ्यानं पाहिलं, त्याच चेहऱ्यानं ते राजांच्या तिकडीकडे पाहतात. मला दोन राजे आले की चष्मा पुसावासा वाटतो. आणि मी चष्म्याला हात लावला की वहिनी पानं खाली ठेवून कांदा चिरायला उठतात.